डोंगराळ वनक्षेत्रातील लाकूडतोडीसाठी रस्त्यांचे नियोजन : 'किमान खर्चा'च्या सूत्राची चिकित्सा

सारांश

डोंगराळ प्रदेशातील वनांमधून लाकूड बाहेर काढताना रस्ते किती व कोठे बांधावेत, हा वनव्यवस्थापनातील एक मूलभूत प्रश्न आहे. डोनाल्ड मॅथ्यूज यांनी १९४२ साली रस्त्यांमधील अंतराचे जे गणित मांडले, त्याच्या आधारे किमान खर्चाचे नियोजन करण्याची परंपरा रूढ झाली. प्रस्तुत लेखात या सूत्राची मांडणी, त्याची गृहीतके आणि अमेरिकेतील ओरेगन व आयडाहो या राज्यांतील अनुभवाच्या कसोटीवर त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा करण्यात आली आहे. सूत्राचे गणित सदोष नसून त्यात कोणाचा व किती काळाचा खर्च मोजला जातो, याची चौकट अपुरी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. तसेच रस्त्यांची लांबी बरीच कमी केली तरी एकूण खर्चात अल्पच वाढ होते, ही सूत्रातूनच निघणारी परंतु दुर्लक्षित राहिलेली बाब निदर्शनास आणून दिली आहे.

बीजशब्द : वनरस्ते, ओढकाम, रस्त्यांमधील अंतर, भूस्खलन, गाळ, बाह्य खर्च.

प्रस्तावना

उभे झाड आणि बाजारातील लाकूड यांच्या किमतीत जी तफावत असते, तिचा मोठा भाग वाहतुकीचा असतो. सपाट प्रदेशात हा खर्च प्रामुख्याने अंतरावर ठरतो. डोंगराळ प्रदेशात मात्र अंतराबरोबरच उतार, खडकाचा प्रकार, मातीची घट्टी, पाण्याचे प्रवाह आणि वळणांची संख्या हे सर्व घटक खर्चात शिरतात. ३०० मीटर उंचीवरील एखाद्या सोंडेपर्यंत १० टक्के चढाने रस्ता न्यावयाचा झाल्यास तो किमान ३ किलोमीटर लांब होतो, मग नकाशावर ती सोंड कितीही जवळ दिसो. त्यामुळे डोंगरातील वनरस्ता ही केवळ बांधकामाची बाब राहत नाही. कोणते वन तोडण्याजोगे आहे आणि कोणते नाही, हेच मुळात रस्ता ठरवितो.

या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर देण्याचा पहिला ठळक प्रयत्न म्हणून मिशिगन विद्यापीठातील वनव्यवस्थापनाचे प्राध्यापक डोनाल्ड मॅथ्यूज यांच्या लाकूडतोड उद्योगातील खर्च-नियंत्रणावरील ग्रंथाचा उल्लेख करावा लागतो. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाने अनुभवी मुकादमाच्या अंदाजावर चालणाऱ्या व्यवसायाला हिशेबाची शिस्त लावली. पुढील काळात वन-अभियांत्रिकीच्या अध्यापनात या विचाराचे स्थान पक्के झाले. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जॉन सेशन्स यांची वनतोड व रस्तेबांधणीतील खर्च-नियंत्रणावरील जी पुस्तिका प्रसिद्ध केली, ती याच परंपरेतील होय. ज्या विचाराचा प्रभाव इतका दीर्घकाळ टिकला, त्याची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) रस्त्यांमधील अंतराच्या सूत्राची मांडणी स्पष्ट करणे.
(२) डोंगरउतारावर त्या सूत्राची गृहीतके कितपत टिकतात, हे तपासणे.
(३) वनरस्त्यांच्या परिणामांवरील प्रसिद्ध अभ्यासांच्या आधारे सूत्रातून वगळल्या गेलेल्या खर्चाचे स्वरूप निश्चित करणे.

विवेचनाची व्याप्ती मुख्यत्वे ओरेगनमधील कॅस्केड पर्वतराजी आणि आयडाहोमधील ग्रॅनाइटी खडकांचा डोंगराळ पट्टा यांपुरती मर्यादित आहे. तीव्र उतारावरील लाकूडतोड आणि तिचे दीर्घकालीन मोजमाप या दोन्ही गोष्टी तेथे एकाच ठिकाणी उपलब्ध आहेत, हे या निवडीमागील कारण होय.

सूत्राची मांडणी

वनात एकमेकांना समांतर रस्ते आहेत, असे समजू. तोडलेले ओंडके दोन्ही बाजूंनी जवळच्या रस्त्यापर्यंत ओढत आणले जातात. या कामास येथे 'ओढकाम' असे म्हटले आहे. रस्ते जवळजवळ असतील, तर ओढकाम स्वस्त होते, परंतु प्रत्येक घनमीटर लाकडामागे रस्तेबांधणीचा खर्च वाढतो. रस्ते दूरदूर असतील, तर याच्या नेमके उलट घडते. एक खर्च चढता आणि दुसरा उतरता असल्याने त्या दोहोंची बेरीज कोठेतरी किमान होते. ज्या अंतरावर हे दोन्ही खर्च समान होतात, तेच किफायतशीर अंतर होय.

रस्त्याचा प्रति मीटर खर्च 'र', प्रति चौरस मीटर क्षेत्रावरील तोडण्याजोगे लाकूड 'घ' आणि एक घनमीटर लाकूड एक मीटर ओढण्याचा खर्च 'ख' मानल्यास, दुतर्फा ओढकामात सरासरी अंतर रस्त्यांमधील अंतराच्या एकचतुर्थांश असते. त्यावरून किफायतशीर अंतर = वर्गमूळ [४ × र ÷ (घ × ख)] असे सूत्र मिळते. रस्ता महाग असेल तर अंतर वाढवावे, वन दाट असेल किंवा ओढकाम महाग असेल तर ते कमी करावे, हा त्याचा सरळ आशय आहे.

सूत्राचे वर्तन स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. रस्त्याचा खर्च किलोमीटरला २० लाख रुपये (मीटरला २,००० रुपये), लाकूड हेक्टरी २०० घनमीटर आणि ओढकामाचा खर्च प्रति घनमीटर, प्रति मीटर १ रुपया मानल्यास किफायतशीर अंतर सुमारे ६३२ मीटर येते. निरनिराळ्या अंतरांसाठीचा हिशेब तक्ता क्र. १ मध्ये दिला आहे.

तक्ता क्र. १ : रस्त्यांमधील अंतर व प्रति घनमीटर खर्च (काल्पनिक उदाहरण)

| अंतर (मीटर) | रस्त्यांची घनता (मीटर प्रति हेक्टर) | रस्ता खर्च (रु.) | ओढकाम खर्च (रु.) | एकूण (रु.) |
|---|---|---|---|---|
| ४०० | २५.० | २५० | १०० | ३५० |
| ६३२ | १५.८ | १५८ | १५८ | ३१६ |
| ८०० | १२.५ | १२५ | २०० | ३२५ |
| ९५० | १०.५ | १०५ | २३८ | ३४३ |

खर्चाच्या वक्राचा सपाट तळ

वरील तक्त्यातील दुसऱ्या व तिसऱ्या ओळींची तुलना उद्बोधक आहे. अंतर ६३२ मीटरवरून ८०० मीटर केल्यास रस्त्यांची लांबी सुमारे २१ टक्क्यांनी घटते, परंतु एकूण खर्चात जेमतेम ३ टक्क्यांची वाढ होते. याचे कारण गणिती आहे. किमान बिंदूच्या आसपास खर्चाचा वक्र जवळजवळ सपाट असतो. त्या परिसरात थोडे इकडेतिकडे सरकल्याने खर्चात विशेष फरक पडत नाही. अंतर आणखी वाढवून ९५० मीटर केले, तर मात्र खर्चातील वाढ ८ टक्क्यांपर्यंत जाते.

या बाबीचा व्यावहारिक अर्थ १,००० हेक्टरच्या क्षेत्रावर स्पष्ट होतो. ६३२ मीटर अंतराने तेथे १५.८ किलोमीटर रस्ते लागतात, ८०० मीटर अंतराने १२.५ किलोमीटर. म्हणजेच ३.३ किलोमीटर रस्ते वाचतात. दोन लाख घनमीटर लाकडामागे त्यासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम सुमारे साडेसतरा लाख रुपये आहे. वाचलेल्या बांधकामाचा खर्च या रकमेतून आधीच वजा झालेला आहे. त्यावरून टाळलेल्या प्रत्येक किलोमीटरची किंमत सुमारे ५.३ लाख रुपये येते, म्हणजे तो किलोमीटर बांधण्याच्या खर्चाच्या एकचतुर्थांशाहून थोडी अधिक.

आता प्रश्न असा उद्भवतो की, लाकूडतोड संपल्यानंतर एक किलोमीटर रस्त्याची देखभाल, तुंबणाऱ्या मोऱ्या, खचणारा भराव आणि नदीत जाणारा गाळ यांचा एकत्रित खर्च ५.३ लाखांहून अधिक होतो की कमी? अधिक होत असल्यास ६३२ मीटर हे किफायतशीर अंतर ठरतच नाही. सूत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही. किंबहुना, तो प्रश्न त्याच्या चौकटीत उपस्थितच होत नाही. किमान बिंदूच्या अचूकतेवर भर देणाऱ्या मांडणीत त्या बिंदूभोवतालची ही मोकळीक झाकली जाते, हा या परंपरेवरील पहिला आक्षेप होय.

डोंगरउतारावरील गृहीतकांची तपासणी

सूत्रात रस्ते समांतर व सरळ मानलेले आहेत. प्रत्यक्षात रस्ते वळतात, फाटे फुटतात आणि ओंडकेही सरळ रेषेत ओढले जात नाहीत. या त्रुटीची दखल पूर्वीच घेतली गेली आहे. स्वीडनमधील फॉन सेगेबाडेन यांनी १९६४ साली प्रत्यक्ष रस्तेजाळे आणि भूप्रदेश यांसाठी दुरुस्ती-गुणांक सुचविले. या गुणांकांनी सूत्र वास्तवाच्या जवळ आले, हे मान्य केले पाहिजे. तथापि डोंगराळ भागातील अडचण केवळ गुणांकाने सुटणारी नाही.

रस्त्याचा खर्च 'र' हा सूत्रात एकच, स्थिर आकडा आहे. उतारावर मात्र तो जागोजागी बदलतो. संपूर्ण रुंदी डोंगर कापूनच मिळवावयाची असेल, तर कापणीचा छेद साधारणतः त्रिकोणाकृती होतो आणि त्याचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार मीटरऐवजी पाच मीटर रुंदीचा रस्ता केल्यास रुंदी २५ टक्क्यांनी, परंतु खोदकाम सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. डोंगराचा उतार ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेल्यास, कापलेली बाजू तिरपी ठेवावी लागत असल्याने, खोदकाम दुपटीहून अधिक होते. रुंदी व चढ यांविषयीचे निर्णय म्हणूनच अंतराच्या निर्णयाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, खर्च ठरवितात.

खोदलेल्या मातीचे काय करावयाचे, हा याहून कळीचा प्रश्न आहे. सौम्य उतारावर ती खालच्या बाजूस भराव म्हणून वापरता येते. उतार ६० टक्क्यांच्या पुढे गेला की सैल मातीचा भराव टिकेनासा होतो. अशा ठिकाणी माती ट्रकने सुरक्षित जागी नेऊन टाकणे हा महाग, तर ती तशीच उताराखाली लोटून देणे हा स्वस्त उपाय. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेच्या पश्चिम भागातील अनेक वनरस्ते दुसऱ्या पद्धतीने बांधले गेले. हिशेबवहीत ती बचत म्हणून नोंदली गेली. प्रत्यक्षात तो पुढील अतिवृष्टीच्या नावे काढलेला उधारीचा व्यवहार होता.

ओढकामाच्या साधनांची निवड हाही सूत्राबाहेरील घटक आहे. ट्रॅक्टर मध्यम उतारापर्यंतच सुरक्षितपणे चालतो. त्यापुढे पोलादी दोरांची यंत्रणा वापरावी लागते. ज्या यंत्रणेचा पल्ला कमी, तिला रस्ते जवळजवळ लागतात. उंच आधारांमध्ये ताणलेल्या दोरावरून ओंडके अधांतरी नेणाऱ्या यंत्रणेचा पल्ला काही शे मीटर असल्याने तिला रस्ते विरळ चालतात, मात्र तिचा तासाचा खर्च अधिक असतो. यंत्र आधी ठरवून मग अंतर काढणे आणि रस्त्यांची सह्य लांबी आधी ठरवून मग यंत्र निवडणे, या दोन भिन्न नियोजनपद्धती आहेत. 'ख' हे मूल्य दिलेलेच आहे असे मानणाऱ्या सूत्रात पहिल्याच पद्धतीला जागा मिळते.

वगळलेला खर्च : ओरेगन व आयडाहोचा अनुभव

ओरेगनमधील विलॅमेट राष्ट्रीय वनात १९४८ साली एक प्रायोगिक वनक्षेत्र स्थापन झाले, ते पुढे एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वन या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील तीन लहान पाणलोट क्षेत्रांची तुलना या विषयात निर्णायक ठरली. एका क्षेत्रात १९५९ साली रस्ते बांधले गेले आणि नंतर त्यातील काही तुकड्यांतच तोड झाली. दुसऱ्या क्षेत्रात संपूर्ण तोड झाली, परंतु ओंडके दोरावरून काढल्याने रस्ता बांधावाच लागला नाही. तिसरे क्षेत्र तुलनेसाठी अबाधित ठेवले गेले. फ्रेडरिक्सन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नऊ वर्षांच्या काळात रस्ते असलेल्या क्षेत्रातील गाळ अबाधित क्षेत्राच्या शंभर पटींहून अधिक, तर रस्ते नसलेल्या परंतु संपूर्ण तोड झालेल्या क्षेत्रातील गाळ सुमारे तिप्पट होता. डिसेंबर १९६४ च्या महापुरात रस्त्यांपासून सुरू झालेल्या दरडींचा यात मोठा वाटा होता.

या निष्कर्षावरून घाईने सामान्य नियम काढणे योग्य होणार नाही. लहान क्षेत्रातील काही मोजक्या दरडी एकूण आकडा फुगवू शकतात. यासंदर्भात स्वॉन्सन व डायर्नेस यांचा १९७५ चा अभ्यास अधिक संतुलित चित्र देतो. त्याच प्रायोगिक वनाच्या अस्थिर विभागात, अबाधित वनाच्या तुलनेत तोड झालेल्या क्षेत्रावर दरडींद्वारे होणारी धूप २.८ पट, तर रस्त्यांच्या पट्ट्यात प्रति एकक क्षेत्र सुमारे ३० पट आढळली. विकसित क्षेत्रापैकी रस्त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे ८ टक्केच असल्याने तोड व रस्ते यांचा एकूण परिणामातील वाटा जवळपास सारखा भरला. दोष केवळ रस्त्यांचा नव्हे, हे यातून दिसते. परंतु ८ टक्के जमिनीने उरलेल्या ९२ टक्क्यांइतकी हानी करावी, ही गोष्ट नियोजनाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याच अभ्यासातील आणखी एक बाब सूत्राच्या चिकित्सेसाठी विशेष मोलाची आहे. सुमारे ९०० ते १,००० मीटर उंचीच्या वरच्या, लाव्हा खडकांच्या स्थिर विभागात दरडी क्वचितच आढळल्या, तर तिच्या खालील, झिजलेल्या ज्वालामुखीजन्य खडकांच्या विभागात त्या वारंवार घडल्या. याचा अर्थ रस्त्याची लांबी जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची जागा महत्त्वाची. वरच्या धारेवरील एक किलोमीटर आणि मधल्या ओलसर उतारावरील एक किलोमीटर यांना सूत्र एकाच मापाने मोजते. डोंगर तसे मोजत नाही.

आयडाहोमधील सॅमन नदीच्या दक्षिण शाखेच्या खोऱ्यातील अनुभव याहून तीव्र आहे. तेथे जॅमर नावाच्या, वाहनावर बसविलेल्या कमी पल्ल्याच्या यारीने ओंडके ओढले जात. तिच्यासाठी उतारावर एकावर एक असे अगदी जवळजवळ आडवे रस्ते कापावे लागले. मेगहन व किड यांनी १९७२ साली नोंदविल्याप्रमाणे, रस्तेबांधणीनंतरच्या सहा वर्षांत रस्त्यांमुळे गाळाचे प्रमाण नैसर्गिक दराच्या सुमारे ७५० पटींपर्यंत वाढले. निव्वळ ओढकामामुळे झालेली वाढ त्या मानाने नगण्य होती. ग्रॅनाइटची भुसभुशीत वाळू नदीत उतरून चिनूक सॅमन माशांच्या अंडी घालण्याच्या खडीवर साचली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात त्या खोऱ्यातील तोड व रस्तेबांधणी थांबवावी लागली. स्वस्त यंत्रासाठी निवडलेल्या दाट रस्त्यांनी अखेरीस लाकडाचाच पुरवठा बंद पाडला. किमान खर्चाच्या नियोजनाची ही परिणती त्याच्या स्वतःच्या निकषावरही अपयशच म्हणावी लागेल.

दरडीखेरीज एक संथ परिणामही आहे. रस्त्याकडेची गटारे पाणी गोळा करून ओढ्यांत सोडतात. वेम्पल, जोन्स व ग्रँट यांनी १९९६ साली कॅस्केडमधील दोन खोऱ्यांत केलेल्या पाहणीत रस्त्यांच्या लांबीपैकी ५७ टक्के भाग अशा रीतीने प्रवाहांशी जोडला गेल्याचे आढळले. रस्ता हा अशा वेळी कृत्रिम ओढाच बनतो आणि तो लाकूडतोड संपल्यानंतरही वाहत राहतो.

कालमर्यादेचा प्रश्न

वरील सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. हिशेब लाकूड बाहेर पडताच मिटविला जातो, रस्ता मात्र डोंगरावर राहतो. या विसंगतीचे राष्ट्रीय पातळीवरील रूप अमेरिकेच्या वनसेवेच्या कागदपत्रांत दिसते. २००१ साली रस्तेविरहित क्षेत्रांविषयीचा नियम करताना या संस्थेने आपल्याकडे सुमारे ३ लाख ८६ हजार मैल रस्ते असल्याचे आणि त्यांच्या दुरुस्तीची थकबाकी सुमारे ८.४ अब्ज डॉलर असल्याचे नमूद केले होते. नवे रस्ते बांधण्यापूर्वी जुने सांभाळता येत नाहीत, हा त्या नियमामागील एक युक्तिवाद होता. त्या नियमाने सुमारे ५.८५ कोटी एकर क्षेत्रात रस्तेबांधणीवर निर्बंध घातले. २०२५ साली तो रद्द करण्याचा मानस अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केला, त्यावेळी वणवानियंत्रण व वनव्यवस्थापन ही कारणे पुढे करण्यात आली. वाद राजकीय असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हिशेबाचाच आहे : थकबाकी कोणाच्या खात्यावर लिहावयाची?

रस्ता उखडून डोंगर पूर्ववत करण्याचा खर्चही येथे विचारात घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियातील रेडवूड राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ साली विस्तार झाल्यानंतर तेथील जुने लाकूडतोडीचे रस्ते काढून टाकण्याचा कार्यक्रम सार्वजनिक निधीतून हाती घेण्यात आला. लाकूड खासगी कंपन्यांनी विकले, रस्ते समाजाने काढले. अर्थशास्त्रात ज्यास बाह्य खर्च म्हणतात, त्याचे इतके उघड उदाहरण विरळाच मिळेल.

प्रतिवाद व संगणकीय पद्धतींची दखल

या चिकित्सेवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, वरील अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यातील निकृष्ट रस्त्यांचे आहेत. त्यानंतर बांधकामाचे निकष सुधारले. १९९४ च्या वायव्य वन योजनेने शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पेलतील अशा मोऱ्यांची अट घातली. हा आक्षेप रास्त आहे. परंतु सुधारित निकषांमुळे 'र' वाढतो आणि 'र' वाढला की सूत्रानुसारच रस्ते विरळ व्हावयास हवेत. चांगला रस्ता आणि कमी रस्ते या दोन गोष्टी म्हणूनच परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत.

दुसरा आक्षेप असा की, रस्ते केवळ लाकडासाठी नसतात. वणवा विझविणे, विरळणी, लागवड यांसाठीही ते उपयोगी पडतात. हेही खरे आहे. मात्र हा लाभ हिशेबात धरावयाचा असेल, तर त्याच न्यायाने हानीही धरली पाहिजे. लाभासाठी दीर्घ काळ आणि हानीसाठी अल्प काळ, अशी दुहेरी मापे स्वीकारता येणार नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, संगणकामुळे जुने सूत्र कालबाह्य झाले आहे. डिक्स्ट्रा व रिग्ज यांनी १९७७ साली तोडक्षेत्रांची आखणी व यंत्रांच्या जागा यांचा प्रश्न गणिती प्रारूपात मांडला. सेशन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्तेबांधणीचा एकरकमी खर्च आणि वाहतुकीचा चल खर्च एकत्र धरून मार्ग निवडणाऱ्या प्रणाली विकसित केल्या. या प्रारूपांनी समांतर रस्त्यांचे कृत्रिम गृहीतक दूर केले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि किमान करावयाची राशी बहुतांशी तीच राहिली. काँट्रेरास, चुंग व जोन्स यांनी २००८ साली गाळासारख्या घटकांवर मर्यादा घालून खर्च किमान करण्याची पद्धत मांडली, हे त्या दिशेने पडलेले महत्त्वाचे पाऊल होय. मात्र मर्यादा किती असावी, हे संगणक ठरवीत नाही. ते ठरविणे हा सामाजिक निर्णय आहे आणि तो गणिताच्या आड लपवून चालणार नाही.

भारतीय संदर्भ

भारतात या चर्चेचे थेट उपयोजन मर्यादित आहे. पश्चिम हिमालयात रस्त्यांपूर्वी लाकूड लाकडी पन्हळींतून घसरवत आणि नद्यांतून तरंगवत खाली आणले जाई. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने तर महसुलापेक्षा पर्यावरणीय स्थैर्यास अग्रक्रम दिला. तरीही उपरोक्त विवेचनातील मूळ प्रश्न लाकडापुरता सीमित नाही. डोंगरात रस्ता कोणत्याही हेतूने कापला, तरी खोदलेली माती कोठे जाते, गटाराचे पाणी कोठे उतरते आणि बांधणारी यंत्रणा निघून गेल्यावर देखभाल कोण करते, हे प्रश्न तसेच राहतात. भूगोल, अर्थशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात हे उदाहरण एकत्रितपणे वापरता येण्याजोगे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मॅथ्यूज यांच्या परंपरेतील सूत्र गणितदृष्ट्या निर्दोष आहे. रस्ता व ओढकाम यांचा खर्च एकत्र पाहण्याची जी दृष्टी त्याने दिली, ती आजही उपयुक्त आहे.

(२) किमान बिंदूच्या परिसरात खर्चाचा वक्र सपाट असल्याने रस्त्यांची लांबी सुमारे एकपंचमांशाने घटविण्यासाठी मोजावी लागणारी किंमत अल्प असते. नियोजनकर्त्याला मिळणारी ही मोकळीक विरळ रस्त्यांच्या बाजूने वापरली गेली पाहिजे.

(३) सूत्र रस्त्याची लांबी मोजते, जागा मोजत नाही. ओरेगनमधील अभ्यास जागेचे महत्त्व लांबीइतकेच असल्याचे दर्शवितात. अस्थिर उतार आधी नकाशावर निश्चित करून ते वगळणे आणि मग उरलेल्या क्षेत्रात सूत्र लावणे, हा क्रम अधिक युक्त ठरतो.

(४) यंत्राची निवड रस्त्यांच्या आखणीपूर्वी गृहीत न धरता तिच्याबरोबर केली जावी. आयडाहोचा अनुभव याचा इशारा देतो.

(५) देखभाल, हानी व रस्ता काढून टाकण्याचा खर्च 'र' या मूल्यात समाविष्ट केल्याशिवाय काढलेले अंतर किफायतशीर म्हणता येणार नाही. ते केवळ तोड करणाऱ्यास किफायतशीर असते.

किमान खर्च ही संकल्पना टाकाऊ नाही. ती अपुरी मोजली गेली, एवढेच. शेवटचा ओंडका डोंगरावरून उतरला म्हणजे कंपनीचा हिशेब पूर्ण होतो. रस्त्याचा हिशेब त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सुरू होतो आणि तो खालच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना चुकता करावा लागतो. या दोन्ही हिशेबांना एकाच वहीत स्थान देणे, हेच डोंगराळ वनरस्त्यांच्या नियोजनापुढील खरे आव्हान आहे.